वाचून दाखविले, बरोबर आहे

दाढ तुटली ती वरणभात खाताना.
कडक असं काहीच नव्हतं ताटात,
तूप, लिंबाची फोड, मऊ भात,
आणि एकाएकी जिभेला धार लागली.

नळस्टॉपजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं वर
डॉ. गुर्जर म्हणाले, आ करा. अजून. अजून थोडं.
दोन बोटं जेमतेम मावली तोंडात.
"सुळेसुद्धा सपाट झालेत तुमचे.
रात्री दात खाता का?"
मी झोपलेली असते, मी काय सांगणार.
उपेंद्रनं सांगितलं, बाकावरून, मासिक न मिटता:
"खाते. तीन वाजता. बाहेर कुणी फरशी कापतंय असं वाटतं."
अकरा वर्षांत हे मला पहिल्यांदा कळलं,
तेही दुसऱ्याला सांगताना.

मी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते,
घास चावताना कानापाशी कट्ट वाजायचं म्हणून.
चष्म्याचा नंबर बदलला, कानशिलं ठणकायची म्हणून.
उशी बदलली.
फोटोत चेहरा चौकोनी यायला लागला तेव्हा
ऋता म्हणाली, आई, तू हसतानाही रागावलेली दिसतेस.

"दिवसा काय करता?"
दिवसा मी शिवाजीनगर कोर्टात लघुलेखक आहे.
लोक बोलतात, साहेब सांगतात, मी उतरवते.
सासरा म्हणतो, रॉकेल तिनंच आणून ठेवलं होतं.
मी रॉकेल लिहिते. तिनंच लिहिते.
तो पाणी मागतो, ते लिहायचं नसतं.
गेल्या मंगळवारी एक मुलगी आली, नऊ वर्षांची,
बूट नवे, टाचेला कागद तसाच चिकटलेला,
चाळीस मिनिटं एक शब्द बोलली नाही.
साहेब म्हणाले, लिहा: साक्षीदार गप्प राहिली.
मी लिहिलं.
घरी येताना बसमध्ये लक्षात आलं,
वरचे दात खालच्यांत रुतून बसलेत
आणि गरवारे कॉलेज आलं तरी सुटेनात.

रागानं दातओठ खातात, भीतीनं दातखिळी बसते,
मागून मागून दातांच्या कण्या होतात.
माझ्या कण्या काही न मागताच झाल्या.

लहानपणीही खायचे म्हणे.
आई म्हणायची, पोटात जंत झालेत,
आणि वावडिंगाचं पाणी पाजायची, नाक दाबून.
त्या वर्षी आमच्या घरात बाबांशी कुणी बोलत नव्हतं.
जंत एकही पडला नाही.

गार गुलाबी लगद्यात दातांचा साचा घेतला,
त्यावरून पारदर्शक पट्टी बनवली.
रोज झोपताना लावायची, सकाळी ब्रशनं घासून डबीत ठेवायची.
तीन महिन्यांनी गुर्जरांनी ती खिडकीशी उजेडात धरली:
ओरखडे, खड्डे, डावीकडे एक आरपार भोक.
"एवढं दाबता?" म्हणाले, आणि नवीनचे पैसे सांगितले.
मी बघत राहिले. पानभर मजकूर होता,
खाडाखोड नाही, समास नाही,
फक्त खाली ती ओळ नव्हती
जी मी रोज वीस वेळा टाइप करते:
वाचून दाखविले, बरोबर आहे.
वाचून दाखवणार कोण,
आणि बरोबर आहे असं म्हणायला
मी तेव्हा जागी कुठे होते.

पट्टी घातली की स आणि श नीट येत नाहीत.
त्यामुळे रात्री भांडण होत नाही आमचं,
एवढा एक फायदा.

काल दीड वाजता फरशी कापल्याचा आवाज आला.
मी जागी होते. पट्टी तोंडात होती.
आवाज पलीकडच्या खोलीतून.
ऋता कुशीवर झोपलेली, मुठी वळलेल्या,
कानाखाली एक गोटी उठत होती, बसत होती.
वावडिंग घरात आहे, फडताळात, वरच्या खणात.
मी तिच्या गालावर बोट ठेवलं.
तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं,
आणि ओठ मिटून घेतले.

मी पट्टी काढली, पदराला पुसली,
तिच्या कंपासपेटीवर ठेवली.
म्हटलं, सांग.
मी काही लिहून घेत नाहीये.